अण्णांचं पुनर्वसन

माणसाच्या आयुष्यात भरून येणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. आभाळ भरून येतं, ऊर भरून येतो, मार्चअखेरीला आमच्या टेबलाचा खण भरून येतो. पण घरातल्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरून येईल आणि त्यापायी माझे तीन रविवार खर्ची पडतील, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला 'सही जुळत नाही' म्हणून काउंटरवरूनच परत पाठवला असता.

हा कॉम्प्युटर आम्ही २०१२ साली चिरंजीवांच्या अभ्यासासाठी घेतला. मध्यमवर्गीय घरात येणारी प्रत्येक महागडी वस्तू मुलांच्या अभ्यासासाठीच येते. चिरंजीव तेव्हा पहिलीत होते आणि त्यांचा अभ्यास म्हणजे बाराखडी. एवढ्याशा बाराखडीला ५०० जीबीची हार्ड डिस्क कशाला, असं सौभाग्यवतींनी विचारलंही. पण 'पुढं लागेल' या दोन शब्दांपुढे कुठल्याच गृहिणीचं चालत नाही.

घरी आणून बघतो तर डिस्क भरली ४६५ जीबी! मी बँकेतला माणूस. पस्तीस कमी म्हणजे कॅश शॉर्ट. तसाच पावती घेऊन दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, डिस्क बनवणारा हजारानं मोजतो आन् कॉम्प्युटर मोजतो एक हजार चोवीसनं. माल तेवढाच आहे." दुसऱ्या कुणाला हे पटलं नसतं, मला लगेच पटलं. आम्ही मराठवाड्याचे. निजामाच्या राज्यात आमच्याकडे हाली सिक्का चालायचा आणि सरहद्दीपलीकडे कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, हे गणित आजोबा झोपेतही सांगायचे. तेव्हा कंपनीचे जीबी हाली आणि विंडोजचे जीबी कलदार, अशी मनाशी नोंद करून मी खातं बंद केलं.

त्याच दुकानदारानं डिस्कचे दोन भाग पाडून दिले. शंभराच्या आतला सी आणि उरलेला सगळा डी. मी विचारलं, "ए आणि बी कुठं गेले?" तर ती अक्षरं म्हणे फ्लॉपीसाठी ठेवलेली. फ्लॉप्या कधीच्या गेल्या, पण त्यांची अक्षरं सहसा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आमच्या ऑफिसात रिटायर झालेल्या साहेबांची खुर्ची अशीच बरेच दिवस रिकामी होती. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. डिस्कचं विभाजन करायला त्या पोराला पाच मिनिटं लागली. अंबाजोगाई वेगळा जिल्हा व्हावा म्हणून आम्ही इतकी वर्षं निवेदनं देतो आहोत, मोर्चे काढतो आहोत. या पोराला कुणी बोलावलं कसं नाही?

असो. तर या सीमध्ये विंडोज स्वतः राहते. घरमालकासारखी. आणि कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकासाठी तिथंच, 'यूजर्स' नावाच्या वाड्यात, एकेक खोली काढलेली असते. खोलीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज असे कोनाडे. आपण काहीही ठेवलं की ते गुपचूप याच खोलीत जाऊन पडतं. म्हणजे डीचा एवढा मोठा वाडा ओस, आणि माणसं सगळी सीमध्ये गर्दी करून. आमच्याकडे सत्यनारायणाला येणारी पाहुणेमंडळीसुद्धा असंच करतात. मागची खोली झाडून, सतरंजी घालून ठेवली तरी सगळे जण सोप्यातच एकमेकांच्या मांडीवर बसतात.

एक दिवस सीच्या नावाखालची पट्टी लाल झाली. लाल शाईशी माझं जुनं वैर आहे. मी पुण्याला फोन लावला. चिरंजीव आता तिथं इंजिनियरिंगला आहेत.

"सोपं आहे बाबा," चिरंजीव म्हणाले. "तुमच्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज. त्यात लोकेशन. तिथं मूव्ह म्हणा, डीमधली जागा दाखवा आणि ओके करा. फोल्डर दिसेल जिथल्या तिथं, पण सामान डीमध्ये."

मला हे कॉमर्समध्ये समजलं. सीला क्रेडिट, डीला डेबिट, एकूण शिल्लक कायम. शुद्ध काँट्रा एंट्री. पुढची गंमत चिरंजीवांनीच सांगितली. सीमधल्या सीमध्ये फोल्डर हलवला तर तो क्षणात हलतो, कारण तिथं वस्तू जागची हलतच नाही, नुसती वहीतली नोंद बदलते. पण सीमधून डीमध्ये जायचं तर एकेक अक्षर आधी तिकडे उतरवून घ्यावं लागतं आणि मग इकडचं खोडावं लागतं. एकाच शाखेत या खात्यातले त्या खात्यात घालणं वेगळं आणि दुसऱ्या शाखेला पेटीतून रोकड पाठवणं वेगळं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

समजलं म्हणजे जमलं असं नव्हे. मूव्ह म्हटल्यावर त्यानं विचारलं, कुठं? मी डी दाखवला आणि ओके केलं. त्यानं 'खात्री आहे का?' अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. बँकेत दिवसभर मी लोकांना 'खात्री आहे का' विचारतो आणि ते हो म्हणतात. त्यातल्या कुणालाच खात्री नसते, हे त्या वेळी लक्षात यायला हवं होतं.

थोड्या वेळानं बघतो तर डी ड्राइव्हच नाहीसा! म्हणजे होता, पण त्याचंच नाव डॉक्युमेंट्स झालेलं. मी डीमध्ये नवा फोल्डर करून त्यात जागा दाखवायला हवी होती. तसं न करता आख्खा डीच दाखवला. लग्नाला आलेल्या पाहुण्यानं सातबाऱ्यावर नाव लावून घ्यावं, तसं झालं. माझी एलआयसीची कागदं, चिरंजीवांचे सिनेमे, सौभाग्यवतींच्या वेण्यांच्या नक्षा आणि भाचीच्या बारशाचे फोटो एका पंक्तीला बसले होते. घाबरून मी 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलं, तर तो डीमधलं सगळंच्या सगळं सीमध्ये आणू का म्हणून विचारायला लागला. म्हणजे घागरीत विहीर.

"'नो' म्हणा! बाबा, 'नो' म्हणा!" चिरंजीव पुण्याहून ओरडले. मी नो म्हटलं. तो पहिला रविवार. दुसरा रविवार सामान निवडण्यात गेला.

एवढं करून पट्टी लालच. मग चिरंजीवांनी मला एका खिडकीत नेलं, तिथं यूजर प्रोफाइल्सची यादी होती. खातेपुस्तकासारखी स्वच्छ. नाव, पुढं आकार. माझं चार जीबी. चिरंजीवांचं सात. आणि तिसरं नाव, अण्णा. एकतीस जीबी.

यादीखाली एक बटण होतं. डिलीट.

"आजोबांचं अकाउंट आता कोण वापरतं?" चिरंजीव जपून म्हणाले. "ते काढलं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

अण्णा २०२१ साली गेले. कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यात तीन गोल चित्रं येतात, त्यात तिसरं त्यांचं. रोज दिसतं. त्यावर क्लिक कुणी करत नाही आणि ते काढायचंही कुणाच्या मनात येत नाही. खुंटीवर टोपी असते तसं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णांनी हट्टानं कॉम्प्युटर शिकून घेतला होता. स्वतःचं वेगळं अकाउंट करून मागितलं, पासवर्डसकट. "घरात पासवर्ड कशाला?" मी विचारलं होतं. "मग बँकेत कशाला लागतो?" एवढंच त्यांचं उत्तर.

आमची ही कुजबुज आईनं ऐकली. आईला कानानं कमी ऐकू येतं, पण कुजबुज स्पष्ट ऐकू येते.

"काय करायलास रे?"

"काही नाही. अण्णांचा फोल्डर दुसरीकडे हलवायलोय."

"कुठं?"

"डीमध्ये. जागा मोठी आहे तिथं."

आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकदा हलवलं व्हतं की त्यांना. परत कशापायी?"

हे काय आहे ते सांगायला पाहिजे. आमचं मूळ गाव सिंदफणेच्या काठचं. माजलगावला सिंदफणेवर जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचं धरण झालं, १९८७ साली ते पुरं झालं. पैठणच्या उजव्या कालव्याचंही पाणी त्यात येतं. त्या पाण्याखाली जी गावं गेली, त्यांत आमचं एक. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. मला आठवतात त्या बैलगाड्या. लोकांनी घरांच्या चौकटी काढल्या, तुळया काढल्या, खांब काढले. आईनं जातं गाडीत घातलं. माळवदावरची पांढरी माती तेवढी कुणाला नेता आली नाही. अण्णा सगळ्यांत शेवटी निघाले, शाळेची हजेरीपुस्तकं आणि घंटा घेऊन. गाव नव्या जागी वसलं. नाव तेच. शाळेचं नाव तेच, कागदोपत्री सगळं जिथल्या तिथं, फक्त आतून जागा बदललेली. प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह.

आमच्या घराण्याला हे प्रकार नवे नाहीत. आजोबा घरातून कुठंही न जाता तीन राज्यांत राहिले. आधी हैदराबाद, १९५६ साली मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र. त्यांचं अक्षर तेवढं बदललं, ड्राइव्ह तोच राहिला. अण्णांच्या नशिबी ड्राइव्ह बदलणं आलं.

"मग काय करू, काढून टाकू?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काढायचं म्हनलं का मी? हलवायच्या आधी माणसाला सांगावं लागतं. नोटीस द्यावी लागती. तेवढं तरी कर."

आता प्रोफाइलला नोटीस कशी बजावायची? चिरंजीवांचं म्हणणं पडलं, की नीट हलवायचं तर अण्णांच्या नावानं आत जाऊनच हलवलं पाहिजे. म्हणजे पासवर्ड हवा. "तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर आहात, त्यांचा पासवर्ड बदलून टाका," असा तोडगा त्यांनी सुचवला. दुसऱ्याचा पासवर्ड परस्पर बदलला म्हणून आमच्याकडे खातेनिहाय चौकशी होते, हे त्या पोराला काय माहीत! शिवाय अण्णांच्या खोलीत मी त्यांच्या हयातीत कधी न विचारता गेलो नव्हतो.

तिसऱ्या रविवारी आंघोळ करून बसलो. तिसऱ्या गोलावर क्लिक केलं. आईचं नाव टाकलं. चूक. खाली खुणेची ओळ आली. अण्णांनी पासवर्डची खूण म्हणून एकच शब्द लिहून ठेवला होता. पत्ता.

मी आमच्या गल्लीचं नाव टाकलं. चूक. घराचं नाव टाकलं. चूक. अंबाजोगाई टाकलं, पिनकोड टाकला, दोन्ही एकत्र टाकून पाहिलं. अंबाजोगाईला निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हणत. अण्णा जुने म्हणून तेही टाकलं. मग गावाचं नाव टाकलं. अलीकडे लोक आमच्या गावाच्या नावाआधी 'नवे' लावतात. ते लावून टाकलं. सगळं चूक.

आई पाठीमागे भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "काय विचारायलंय ते?"

"अण्णांचा पत्ता."

"मग इथला कशाला टाकायलास? हा कधी व्हता त्यांचा पत्ता?"

आणि तिनं जुन्या गावाच्या नावापुढं घरनंबर सांगितला. संपादनाच्या नोटिशीवर होता तो. जवळजवळ चाळीस वर्षांनी, न अडखळता. मी नाव आणि नंबर जोडून टाकला आणि एंटर दाबलं.

दार उघडलं.

(गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पासवर्ड कुणाला सांगू नये, हे मी रोज काउंटरवरून पन्नास जणांना सांगतो.)

आत सगळं शाळेच्या टेबलासारखं नीट लावलेलं होतं. कीर्तनांच्या चार-चार प्रती होत्या, चुलत्यानं पाठवलेल्या सुप्रभाती होत्या. एकतीस जीबीतले निम्मे तेच असावेत. आणि पिक्चर्समध्ये एक फोल्डर होता, 'गाव'.

२०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाणी नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेच ते वर्ष. धरण तळाला गेलं होतं. त्या उन्हात अण्णा माजलगावला जाऊन आले होते, हे आम्हाला माहीत होतं. 'काय होतं तिथं?' विचारलं तर म्हणाले होते, 'चिखल.' त्या चिखलाचे तीनशे बारा फोटो त्यांनी काढून ठेवले होते. आम्ही बघितलं असतं तर नुसते दगड दिसले असते. पण प्रत्येक फोटोचं नाव अण्णांनी बदललं होतं, हजेरी मांडतात तसं. सुताराचा ओटा. कुंभाराचं घर. शाळेची पहिली पायरी. मारुतीच्या पाराचा दगड. बायकांचा पाणवठा. चिरंजीवांनी सांगितलं होतं, की प्रोफाइल हलवताना ॲपडेटा म्हणून एक लपलेला फोल्डर असतो, तो सीमध्येच राहू द्यायचा. सगळंच्या सगळं उचलायला गेलं, तर पुढं विंडोजची नवी आवृत्ती चढवताना अडतं. सगळं हलत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं. जे हलत नव्हतं त्याचे त्यांनी फोटो काढले.

एका फोटोला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. आई म्हणाली, "हे आपलं. जात्याची जागा बघ ती."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी कामाला लागलो. या वेळी आधी डीमध्ये 'अण्णा' नावाचा फोल्डर केला आणि त्यात प्रत्येकासाठी वेगळा कोनाडा. मग एकेकाला मूव्ह म्हणालो. पिक्चर्सची पट्टी सरकायला लागली. 'पाच मिनिटं राहिली' म्हणाला, मग 'दोन तास', मग 'चाळीस मिनिटं'. कॉम्प्युटरचा हा अंदाज आमच्या हेड ऑफिसच्या बदलीच्या अंदाजाइतकाच विश्वसनीय असतो.

निम्म्यावर आलं आणि वीज गेली. यूपीएस केकाटायला लागला. त्याची बॅटरी म्हणजे जेमतेम सात-आठ मिनिटांचा ऐवज. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, बंद करा ना!" "मध्येच कसं बंद करू? अर्धे अण्णा तिकडे आहेत!" खरं तर प्रत उतरल्याशिवाय तो मूळ खोडत नाही हे मला ठाऊक होतं, पण नदीच्या मधोमध गाडी अडकल्यावर गाडीवानाला वंगणाचं शास्त्र आठवत नाही. आईनं देवापुढं दिवा लावला. पाच मिनिटांनी वीज आली. श्रेय कुणाचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

संध्याकाळी सीची पट्टी निळी झाली. मी विजयी मुद्रेनं पुण्याला फोन केला. "अण्णा आता डीमध्ये सुरक्षित!"

"सुरक्षित कुठं बाबा?" चिरंजीव म्हणाले. "सी काय आणि डी काय, डिस्क एकच आहे. आणि ती २०१२ ची आहे. ती गेली की दोन्ही गेले."

माझ्या पोटात खड्डा पडला. एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांना मी दोन गावं समजत होतो. आम्हा अंबाजोगाईकरांना तर हे आधीच कळायला हवं होतं. आमच्या गावात दासोपंत होऊन गेले, सोळाव्या शतकात. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या तरी त्यांचं लिहिणं संपेना. कागदावर भागलं नाही तेव्हा चाळीस फूट लांब, चार फूट रुंद पासोडी घेतली आणि पंचीकरण त्या कापडावर लिहून काढलं. सी अपुरा पडला म्हणून डी उघडणारा हा पहिला अंबाजोगाईकर! पण त्यांचा डी खरोखर वेगळा होता. ती पासोडी चारशे वर्षं झाली तरी आहे. आमच्या डिस्कचं काय सांगावं? पाचसहा वर्षांत कुरकुरतात त्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना वेगळी, बाहेरून जोडायची डिस्क आणली. अडीच हजार रुपये गेले. सौभाग्यवतींनी एका शब्दानंही विचारलं नाही, हा आमच्या संसारातला विक्रम आहे. 'अण्णा' त्यावर उतरवून घेतले. एक प्रत चिरंजीव पुण्याला घेऊन गेले.

बाहेरची डिस्क कुठं ठेवायची हा प्रश्न आला, तेव्हा मी बँकेतल्या लॉकरचं नाव काढलं. आईनं ऐकून घेतलं, डिस्क हातात घेतली आणि लोखंडी ट्रंकेत, त्या जुन्या नोटिशीच्या घडीवर ठेवून दिली. ही ट्रंक गावाहून बैलगाडीतून आलेली.

"पत्ता त्योच राहिला न्हवं त्यांचा?" तिनं विचारलं.

"तोच आहे. उघडून बघितलं तर सगळं जिथल्या तिथं."

"मग असू दे," आई म्हणाली, आणि ट्रंकेची किल्ली कमरेला खोचली.

ती किल्ली मागायची माझी हिंमत नाही. मी फक्त ॲडमिनिस्ट्रेटर आहे.